न आलेल्या झटक्याचे श्रेय

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर भर गर्दीत कोणाला फिट आली तर पुढे काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. रिक्षा थांबतील, माणसे गोळा होतील, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबेल, कोणी कांदा फोडून नाकाशी धरेल, कोणी पायातली चप्पल काढून हुंगवेल. दोन-तीन मिनिटांत झटके थांबतील आणि त्या क्षणी नाकाशी जे असेल त्याला श्रेय मिळेल. खरे तर बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप शमतात. मेंदूत एकाएकी उसळलेला विद्युत्-क्षोभ मेंदूच आवरतो. कांदा आला आणि फिट थांबली, यात कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, इतकेच. हे समजावून सांगणे फारसे अवघड नाही. अवघड प्रश्न याच्या उलट टोकाला आहे. तीन वर्षे झटका आलाच नाही, तर त्या न आलेल्या झटक्याचे श्रेय कोणाला द्यायचे? दावेदार नाक्याच्या आसपासच सापडतात. मेडिकलमधून दर महिन्याला आणलेल्या दोन प्रकारच्या गोळ्या आहेत. कामतघरच्या वऱ्हाळा देवीला बोललेला नवस आहे, नाही तर दर्ग्यातून आणलेला ताईत आहे. यंत्रमागावरची रातपाळी सोडून दिवसपाळी धरल्यामुळे पुरी होऊ लागलेली झोप आहे. आणि वयही आहे, कारण मिरगीचे काही प्रकार वयाबरोबर ओसरतात. गोळ्या चालू आहेत तोवर हे सगळे दावेदार गुण्यागोविंदाने नांदतात. 'आता दोनपैकी एका गोळीची पॉवर हळूहळू कमी करू या,' असे डॉक्टर म्हणाले, की हिशेब मांडावाच लागतो.

हा प्रश्न मेंदूविकारतज्ज्ञाचा आहे, तितकाच तो धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचाही आहे. एखादी गोष्ट घडली नाही, हे ज्ञान आपल्याला होते कसे? ते अपुरे असताना त्यावर पाऊल टाकावे का? आणि श्रद्धेला त्या पावलात जागा कुठे? माझे म्हणणे असे की श्रद्धा कृतज्ञतेच्या बाजूने कितीही मोठी असू द्यावी, पण पुराव्याच्या जागी तिला बसवू नये. आणि औषध सावकाश, देखरेखीखाली, परतीची वाट उघडी ठेवून कमी करणे हा अपुऱ्या ज्ञानाशी प्रामाणिक राहण्याचा मार्ग आहे. नवस फळला म्हणून गोळी एका दिवसात टाकून देणारा आणि भीतीपोटी ती जन्मभर तशीच गिळणारा, हे दोघेही एकच चूक करतात असे मला वाटते. आपल्याजवळ नसलेली खात्री दोघांनीही गृहीत धरलेली असते.

आधी औषध काय करते ते पाहू. 1857 मध्ये ब्रोमाइडचा वापर सुरू झाला, 1912 मध्ये फिनोबार्बिटल आले, 1938 मध्ये फिनिटॉइन; पुढे कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरॅसिटॅम अशी रांग लागली. यांतली कोणतीही गोळी मिरगीचे मूळ उपटून काढत नाही. ती झटक्याला अटकाव करते. म्हणून झटके थांबणे आणि रोग संपणे या दोन गोष्टी वेगळ्या राहतात. दुसरी गोळी का येते, तेही पाहण्यासारखे आहे. ग्लासगोच्या क्वान आणि ब्रॉडी यांनी 2000 साली 525 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या आधी कोणतेही औषध न घेतलेल्यांपैकी 47 टक्क्यांचे झटके पहिल्याच औषधाने थांबले, दुसऱ्याने आणखी 13 टक्क्यांचे. त्यापुढे औषधे बदलून किंवा जोडून मिळालेली भर फारच थोडी, जेमतेम 4 टक्के होती. व्यवहारात मात्र पहिली गोळी पुरेशी लागू पडली नाही की तिच्या जोडीला दुसरी दिली जाते, दुसरीने आराम पडतो आणि पहिली मागे तशीच राहून जाते. तिची किंमत रोज मोजावी लागते. गुंगी येते, चाल मंदावते, फिनिटॉइनने हिरड्या वाढतात, फिनोबार्बिटलने मुलांचे लक्ष टिकत नाही. व्हॅल्प्रोएट घेत असताना दिवस गेले, तर दर शंभरांत सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळते आणि तीस ते चाळीस मुलांच्या वाढीत अडचणी येतात. धावत्या धोट्यासमोर बारा तास उभे राहणाऱ्या कामगाराला गुंगी म्हणजे बोटांवर बेतणारी गोष्ट. तेव्हा 'चालले आहे ते चालू द्या' हा सल्ला फुकटचा नसतो.

आता न आलेल्या झटक्याकडे वळू. अभाव कसा कळतो, यावर आपल्याकडे शतकानुशतके वाद झाला आहे. टेबलावर घागर नाही हे आपण पाहतो म्हणजे नेमके काय करतो? कुमारिल भट्टांच्या मीमांसकांनी अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे वेगळेच प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, म्हणाले की वेगळे प्रमाण नको, अभाव प्रत्यक्षातूनच कळतो. पण एका अटीवर दोघांचे फारसे भांडण नव्हते. ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिच्या न दिसण्याला अर्थ आहे. अंधारात घागर दिसली नाही, यावरून ती नाही असे सिद्ध होत नाही. ही अट मिरगीला लावून पाहावी. झटका झोपेत येऊन गेला आणि शेजारी कोणी नव्हते, तर तो 'न आलेल्यां'त मोजला जातो. दोन गोळ्या पोटात असताना झटका आला नाही, यावरून गोळ्या नसत्या तर काय झाले असते हे कळत नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अपस्माराच्या, म्हणजे मिरगीच्या, अध्यायात नेमका हाच पेच आला आहे. हा विकार मधूनच येतो आणि जातो, मध्यंतरी माणूस ठणठणीत असतो, मग याला शरीरातला रोग कसे म्हणावे, असा आक्षेप तिथे मांडला आहे. उत्तर शेतीतले आहे: पाऊस पडत असूनही काही बिया जमिनीत तशाच पडून राहतात आणि आपला हंगाम आला की शरदात उगवतात. झटक्यांमधल्या निवांत काळाला रोगमुक्ती समजू नका, असे प्राचीन वैद्य बजावत होते, तेही येणे-जाणे पाहून भुताखेताकडे बोट दाखवणाऱ्यांना उत्तर देताना. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथानेही या 'पवित्र' रोगात इतर रोगांहून जास्त दैवी असे काही नाही, असे ठणकावले होते.

मग मेंदूत बी उरले आहे की नाही, हे कळायचे कसे? एका माणसाबद्दल आधी कळत नाही. अनेकांच्या अनुभवावरून अंदाज करता येतो. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने निदान दोन वर्षे झटका न आलेल्या 1,013 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाचे औषध चालू ठेवले, दुसऱ्याचे हळूहळू बंद केले. 1991 मध्ये निष्कर्ष आला. दोन वर्षांनंतर औषध चालू असलेल्यांपैकी 78 टक्के आणि बंद केलेल्यांपैकी 59 टक्के झटक्याविना होते. हे आकडे सगळे औषध बंद करण्याचे आहेत. दोनांतली एक गोळी कमी करणे ही त्याहून लहान पायरी आहे. तरी श्रेयाच्या वादात ते फार बोलके ठरतात. औषध चालू असूनही शंभरांतल्या बावीस जणांना झटका आला, म्हणजे गोळी हे अभेद्य कवच नाही. औषध सोडूनही एकोणसाठ जण सुखरूप राहिले, म्हणजे त्यांचे झटके त्या काळात गोळीने अडवून धरले नव्हते. आणि दोन गटांत एकोणीसचा फरक राहिला, म्हणजे पाचांतल्या एकाच्या बाबतीत गोळी खरोखर दार अडवून उभी होती. तो एक कोण, हे आधी कोणीच सांगू शकत नाही. मिरगीचा प्रकार, किती वर्षे झटका नाही, मेंदूच्या आलेखात काय दिसते, यांवरून डॉक्टर अंदाज बांधतात. अंदाजाला अंदाजच म्हणावे लागते.

इथे संशयवादी म्हणेल की मग काहीच ठरवता येत नाही. त्याला दहाव्या शतकातल्या नैयायिक उदयनाचार्यांनी उत्तर देऊन ठेवले आहे. शंका काढायला अंत नाही, पण शंकेची हद्द माणसाच्या स्वतःच्या कृतीशी येऊन संपते. अन्नाने भूक भागते की नाही याची शंका घेणारा जेवायला बसतोच. हे उत्तर सर्व बाजूंनी लागू होते. 'सगळे देवीनेच केले' असे म्हणत रोज रात्री गोळी न चुकता गिळणारा माणूस आपल्या कृतीतून गोळीच्या बाजूने साक्ष देत असतो. न्यायदर्शनाचा आणखी एक विचार इथे उपयोगी आहे: पाऊल टाकायला पूर्ण निश्चय लागत नाही, विचारपूर्वक घेतलेली शंकाही पुरते, ज्ञान खरे होते की नाही हे ते पाऊल यशस्वी ठरल्यावर कळते. औषध कमी करण्याची सारी रीत याच तत्त्वावर उभी आहे. एका वेळी एकच औषध कमी करायचे, तेही थोडे थोडे. फिनोबार्बिटल किंवा क्लोबाझाम असेल तर अनेक महिने घेऊन, कारण ही औषधे झपाट्याने काढली तर काढण्यामुळेच झटके येतात. पुन्हा, दोन औषधे एकमेकांपासून अलिप्त नसतात. व्हॅल्प्रोएट हे लॅमोट्रिजिनचा शरीरातला निचरा मंद करते; व्हॅल्प्रोएट काढले की लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी जवळपास निम्म्यावर येऊ शकते आणि एक कमी करताना नकळत दोन्ही कमी होतात. कार्बामाझेपिन काढले तर उलट, जोडीच्या औषधाची पातळी वाढते. अनेक कारणे मिळून एक परिणाम घडतो तेव्हा त्यांची जुळणी पाहणारी बुद्धी चरकाने युक्ती म्हणून स्वतंत्र प्रमाणांत मोजली. इथे तिचीच गरज पडते. गोळी कमी करण्याच्या महिन्यातच रातपाळी धरली, कडक उपास सुरू केले किंवा दारू वाढली, तर झटका आला तरी आणि न आला तरी त्यातून काही शिकता येत नाही.

पहिला आक्षेप श्रद्धावंताचा असेल. देवावर भरवसा आहे तर ही पंधरा दिवसांनी पाव गोळीची मोजदाद कशाला? भरवसा तो भरवसा. ऐकायला हे तेजस्वी वाटते, पण त्यात देवापुढे एक अट घातलेली असते: मी गोळी टाकतो, तू मला सांभाळ. सगळी औषधे एकदम तोडल्याने एकामागून एक न थांबणारे झटके सुरू होऊ शकतात आणि त्यात जीव जातो. आपल्याकडच्या धर्मपरंपरांनी अशी परीक्षा मागितलेली नाही. चरकाने मंत्र, नियम, उपहार यांची दैवव्यपाश्रय चिकित्सा, औषध आणि आहाराची युक्तिव्यपाश्रय चिकित्सा आणि मनाला आवरणारी सत्त्वावजय चिकित्सा, अशा तिन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. पहिलीसाठी दुसरी सोडा असे म्हटले नाही. आयुष्य सगळे नेमलेलेच असते तर औषधाला अर्थच उरला नसता, हा युक्तिवादही चरकाचाच आहे. कुराणाने आजारी माणसाला रमजानचा रोजा पुढच्या दिवसांवर टाकण्याची मुभा दिली आहे. याचे महत्त्व मोठे आहे, कारण रोज्यात सकाळची गोळी चुकते आणि सहरीसाठी झोप मोडते, आणि चुकलेला डोस व अपुरी झोप ही झटक्याची नेहमीची निमित्ते आहेत. नवरात्राच्या कडक उपासाचेही तेच. महाराष्ट्राचा 2013चा जादूटोणाविरोधी कायदाही हीच रेषा ओढतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर काही दिवसांतच तो वटहुकूमाच्या रूपाने लागू झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा त्यात गुन्हा आहे; पूजा, प्रार्थना, प्रदक्षिणा यांना त्याने हात लावलेला नाही. श्रद्धेला मनाई नाही, श्रद्धेच्या नावाने इजा करायला आहे. गोळी एकाएकी सोडायला लावणारा भगत मारहाण करत नसेल, पण इजा करतोच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो करणारा माणूस बहुधा विचारी असतो. मीमांसक म्हणत की ज्ञान स्वतःच प्रमाण असते. ते खोटे ठरवणारे काही, म्हणजे बाधक, समोर येईपर्यंत त्यावर विसंबणे योग्यच आहे. दोन गोळ्यांवर तीन वर्षे सुखाची गेली, तर ही घडी मोडायची कशाला? ट्रक किंवा रिक्षा चालवणाऱ्याचा विचार करा. वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या शारीरिक पात्रतेच्या घोषणेत मिरगी किंवा अचानक शुद्ध हरपण्याबद्दल थेट विचारलेले असते. त्याच्यासाठी एक झटका म्हणजे रोजगार गेला, आणि गोदामांच्या रस्त्यावर तो दुसऱ्याच्या जिवावरही बेतेल. आकडेवारी शंभरांची बोलते; त्याला आयुष्य एकच आहे. हा आक्षेप मी खोडून काढत नाही, कारण तो पुष्कळदा बरोबर असतो. अशा माणसाने गोळी तशीच ठेवायची ठरवली, तर त्याला भित्रा म्हणण्याचा कोणाला अधिकार नाही. पण या युक्तिवादाची मर्यादाही लक्षात घ्यावी. काही न करणे म्हणजे जोखीम न घेणे, असे त्यात धरलेले असते. गुंगी, विसर, हिरड्या, हाडांची झीज, गर्भावरचे परिणाम हीसुद्धा जोखीमच. ती रोज थोडी थोडी वसूल होते म्हणून नजरेत भरत नाही. लग्न ठरलेल्या तरुणीचा व्हॅल्प्रोएटचा हिशेब आणि पन्नाशीच्या ट्रकचालकाचा हिशेब एक असूच शकत नाही. म्हणून हा निर्णय नियमाने होत नाही; माणूस, त्याचे काम आणि त्याची मिरगी पाहून, त्याच्या संमतीने होतो. मीमांसेच्या भाषेत बोलायचे तर दुष्परिणाम हेच 'बाधक' आहे, आणि ते समोर आले की जुनी घडी पुन्हा तपासावी लागते.

तिसरा आक्षेप समजूतदार घरांतून येतो. श्रेयाचा एवढा खल कशाला? देवीलाही हळदकुंकू वाहावे, डॉक्टरांनाही पेढे द्यावेत. यातला अर्धा भाग मला मनापासून मान्य आहे. आभार मानायला पुरावा लागत नाही आणि ते कितीही जणांत वाटता येतात. नवस फेडल्याने कोणाचे काही बिघडत नाही. उलट भीतीने पोखरलेल्या घराला त्यातून धीर मिळतो, आणि रोज वेळेवर गोळी घ्यायला धीरही लागतोच. पण पुढच्या पावलाचा प्रश्न निघाला की श्रेयाची वाटणी पुरत नाही. कोणती गोळी काढायची, किती वेगाने, कोणत्या महिन्यात, हे ठरवताना कोणत्या कारणाने काय घडते हे जमेल तितके वेगळे करावेच लागते. शिवाय सरसकट श्रेय वाटणारे घर झटका परतला की सरसकट दोषही वाटते: नवस राहिला, सून पांढऱ्या पायाची, कोणीतरी काहीतरी केले. त्या दोषाचा धनी जवळपास नेहमी घरातले सर्वांत दुबळे माणूस ठरते.

यातून एक असा मुद्दा निघतो, जो वैद्यकात तळटिपेसारखा येतो आणि माझ्या मते तो मध्यभागी हवा. अभाव कळण्यासाठी पाहणारा लागतो. औषध कमी होत असताना रात्री कोणी शेजारी असावे, सकाळी जीभ चावलेली दिसली किंवा अंथरूण ओले झाले तर ते सांगितले जावे, वहीत नोंद व्हावी; तरच 'झटका आला नाही' या वाक्याला अर्थ आहे. पण मिरगी हा लपवायचा रोग समजला जातो. आपल्या कायद्याने ते लपवणे जोपासलेही. हिंदू विवाह कायद्यात 1976च्या दुरुस्तीनंतर वरचेवर येणारी मिरगी विवाहाच्या शर्तींत वेडाच्या झटक्यांसोबत बसली होती. 1999च्या दुरुस्तीने ती तिथून निघाली. कायद्यातून निघाली, मनातून अजून निघायची आहे. सासरी कळू नये म्हणून लग्नाच्या आठवड्यात गोळी बंद करणारी मुलगी खरे तर औषध तोडण्याचा सर्वांत धोकादायक प्रकार करत असते: एकदम, एकटीने, साक्षीदाराविना, लग्नघरातल्या जागरणात. तिला अविचारी म्हणणे सोपे आहे. तिच्याभोवती अशी परिस्थिती उभी केली गेली आहे की तिच्या शरीराबद्दलचे खरे ज्ञान कोणालाच होऊ नये. लाज ही इथे केवळ भावना राहत नाही, ती ज्ञानाच्या आड येते. म्हणून मिरगी उघडपणे बोलली जाणे ही औषध सुरक्षितपणे कमी करण्याची पूर्वअट आहे.

आणि एवढे करून झटका आलाच तर? सगळे औषध सोडलेल्यांच्या दहा अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ निम्म्यांना, 46 टक्क्यांना, कधी ना कधी पुन्हा झटका आला. पण पाठपुराव्याच्या अखेरच्या वर्षातही झटके चालू असलेले सुमारे 9 टक्केच होते. म्हणजे परतलेल्या झटक्यानंतर बहुतेकांना पुन्हा काबू मिळाला. सर्वांना मिळाला नाही, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही, आणि रुग्णाला ते आधी सांगितले पाहिजे. तरी त्या झटक्याला शाप, प्रकोप किंवा आपल्या उतावीळपणाची शिक्षा समजण्याचे कारण उरत नाही. ती गोळी खरोखर काम करत होती, हे त्यातून कळलेले असते. पॉवर पूर्ववत करायची आणि त्या ज्ञानासह पुढे जायचे. झटका आला नाही, तर एका गोळीचे ओझे उतरते, पण बी जळून गेले अशी ग्वाही तेव्हाही कोणी देत नाही. कायमची खात्री ना नवस देतो, ना गोळी, ना आकडेवारी. तिच्याशिवाय, घरच्यांना सांगून, डॉक्टरांना विचारून, एकेक पाव गोळीने पुढे सरकणे माणसाला जमते, आणि मला ते गोळी एका दिवसात टाकून देणाऱ्या तडकाफडकी भरवशाहून अधिक श्रद्धावान वाटते.